सहा शब्दांसमोर एकच ‘खोदणे’

विष्णुपुरीला दादाकडं गेले की दिवेलागणीच्या आधी काळेश्वराच्या घाटावर एक फेरी होतेच. दादा माझा मामेभाऊ. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाला आणि नदी सोडवेना म्हणून इथंच घर बांधून राहिला. मी नांदेडात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. त्या दिवशी त्याची नातही बरोबर होती. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते, त्यामुळं देवाला जातानाही हातात इंग्रजी शब्दांचं गाइड. पायऱ्यांवर टेकल्या टेकल्या तिनं एक पान माझ्यापुढं धरलं. ‘एक्सकॅव्हेट’, अर्थ : खोदणे. खाली समानार्थी शब्द दिलेले : डिग, डेल्व्ह, बरो, क्वारी, माइन, अनअर्थ. आणि सहाही शब्दांसमोर छापलेलं पुन्हा तेच, खोदणे.

“छोट्या आजी, इंग्रजीत इतके आणि आपल्याकडं एकच?”

मराठीच्या मास्तरणीला हे झोंबणारच. “आपल्याकडं एकच नाही गं, या गाइडवाल्याकडं एकच आहे. कोंबडी उकिरड्यावर काय करते? उकरते. उंदीर काय करतो? पोखरतो. वेरूळचं कैलास लेणं कोरलेलं. तळ्यातला गाळ उपसतात. भुईमूग उपटतात, हळद काढतात. आणि विहीर?”

“पाडतात,” दादा म्हणाला.

“माझी आई विहीर खंदायची म्हणायची. शेजारचे पाडायचे. आणि क्रमिक पुस्तकातला शेतकरी मात्र ती खणायचा.”

“पाणी तिघांनाबी सारख्याच खोलीवर लागायचं,” दादा हसला. “बाई, तुझं ते सगळं खरं. पण पोरीला उद्या परीक्षेत कोंबडी विचारणार न्हाईत.”

वाद इथंच थांबला असता. पण दादानं खिशातून सकाळचा पेपर काढून पायरीवर अंथरला, आणि माझं लक्ष मथळ्याकडं गेलं : अवैध वाळू उत्खनन. मला हा शब्द दिसला की राहवत नाही. म्हटलं, “हा बघ आपला खरा चोर. वाळूचोर पुढचा, आधी हा शब्द. गोदावरीतून रात्री वाळू काढली तरी उत्खनन, तेरला सातवाहनांची मडकी शोधली तरी उत्खनन, डोंगर फोडून मुरूम नेला तरी उत्खनन, दगडी कोळशाच्या खाणीतही उत्खनन. चोर, ठेकेदार आणि संशोधक, तिघांना एकाच पंगतीत बसवलंय.”

“बसवलं तर बसवलं. परवाना वेगवेगळा हाय की,” दादा म्हणाला. खात्यातून निवृत्त झाला तरी खातं त्याच्यातून निवृत्त झालेलं नाही. “तुझ्या मडक्यांसाठी १९५८चा पुरातत्त्व कायदा, मुरूम-वाळूसाठी २०१३चे गौण खनिज उत्खनन नियम. शब्द एक असला म्हणून काम एक होत न्हाई.”

“त्या २०१३च्या नियमांचं इंग्रजी नाव काढून बघ. तिथं ‘एक्सकॅव्हेशन’ नाही, ‘एक्स्ट्रॅक्शन’ आहे. एक्सकॅव्हेट या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला ‘पोकळ’ आहे, ‘केव्ह’ आणि ‘कॅव्हिटी’ याच घरातले. म्हणजे पोकळ करणं. आणि एक्स्ट्रॅक्टच्या पोटात ‘ओढणं’ आहे. म्हणजे बाहेर ओढून काढणं. एकाची नजर खड्ड्यावर, दुसऱ्याची मालावर. इंग्रजीला हा फरक कायद्याच्या नावात ठेवता आला. आपण दोन्हीकडं उत्खनन लिहून मोकळे झालो.”

“उत् म्हंजे वर. खणून वर काढणं. खड्डाबी आला, मालबी आला. एका शब्दात दोन्ही बसतंय तर तुला दोन कशाला पाहिजेत?”

हे उत्तर मला अपेक्षित नव्हतं, आणि मान्य करायला हवं, चांगलं होतं. मी विषय इंग्रजीकडं वळवला. नातीला सांगितलं की डेल्व्ह हा इंग्रजीतला खणण्याचा जुना शब्द; आता त्यानं कुदळ खाली ठेवली आहे आणि तो बहुतेक पुस्तकांत, कागदपत्रांत, भूतकाळात खोल जातो. ती म्हणाली, “म्हणजे खोदून खोदून विचारणं?” अगदी तेच. आपलं ‘खोदणे’सुद्धा मातीतून माणसाच्या मनात शिरलं, फक्त आपण ते दोनदा म्हणतो. क्वारी म्हणजे जिथं दगड चौकोनी करतात ती जागा. त्या शब्दात ‘चौकोन’ दडलेला आहे. अनअर्थ म्हणजे जमिनीतून उघडं करणं. तिथं खड्ड्याचं महत्त्व नाही, सापडण्याचं आहे. मराठीत तेच भांडणांच्या बाबतीत होतं, जुनी प्रकरणं उकरून काढतात. आणि बरो म्हणजे उंदराचं ते पोखरणं. पण मराठीत पोखरायला उंदीरच लागतो असं नाही, संस्था माणसंही आतून पोखरतात.

“खंदक सांग तिला,” दादा म्हणाला. कंधारच्या किल्ल्याचा खंदक त्याच्या फार आवडीचा. लोहा-कंधारकडं कालव्याच्या कामाला होता तेव्हा दुपारची भाकर तो कितीदा तरी त्याच्या काठावर खाल्लाय. त्याची समजूत होती की खंदक आपल्या ‘खंदणं’वरूनच आला. मी म्हटलं, नाही, तो अरबीतून आला, आणि अरबीनं तो फारसीच्या ‘खणलेलं’ या अर्थाच्या शब्दावरून घेतला. आणि सुरुंग तर त्याहून लांबचा प्रवासी. संस्कृतात तो ‘सुरुंगा’ होता, आणि ग्रीकमधल्या ‘सिरिंक्स’वरून, म्हणजे नळीवरून, तो आला असं भाषेचे अभ्यासक मानतात. एकेकाळचा भुयारी मार्ग आज स्फोटाची दारू झालाय. दादा थोडा नाराज झाला. खंदक आपला नाही हे त्याला रुचलं नाही.

“हे बघ बाई,” तो म्हणाला, “तू शब्द मोजायलीस, मी दर मोजायचो. माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक. प्रत्येकाचा दर निराळा. मजुराची भाकर त्यावर ठरायची. तो काय करायला, खंदायला का खोदायला, हे कुणी विचारलं न्हाई. मुरूम मऊ का कठीण, यावरून मात्र मुकादमाची गचांडी धरल्याली मी पाहिलोय. वडाराचा म्हातारा पहार मारायचा आणि आवाजावरून सांगायचा, सायब, इथून खाली कठीण. तुम्ही नाव बदला, दगड बदलत न्हाई.”

म्हणजे भाषेची श्रीमंती त्या माणसांकडंही होती, पण क्रियापदात नव्हती. हे मला आजवर सुचलं नव्हतं. मी तसं म्हटलं नाही; वादात इतकं लगेच द्यायचं नसतं. उलट म्हटलं, “आणि आता? आता तो वडाराचा म्हातारा कुठं आहे?”

“आता जेसीबी लावतात.”

“बघ! लावतात. खंदत नाहीत, खणत नाहीत, उकरत नाहीत. लावतात. एका इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरं, त्याच्यापुढं ‘लावणं’ जोडलं की झालं. मोठं काम असलं तर पोकलेन लावतात, तीही एका फ्रेंच कंपनीच्या नावावरून आलेली.”

“मग तुझे शब्द उत्खननानं न्हाई खाल्ले. मशीननं खाल्ले.”

हा गुणही त्याला गेला.

मी मोबाइल काढला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६; त्यातलं कलम ४८, पोटकलम ७. वाळू चोरणाऱ्याला दंड याच कलमाखाली होतो, बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत. मला वाटत होतं तिथं तरी कुठला तरी एकच भारदस्त शब्द असेल. पण इंग्रजी मजकुरात एकापुढं एक सहा क्रियापदं निघाली : काढणं, हलवणं, गोळा करणं, पुन्हा जागेवर ठेवणं, उचलणं, विल्हेवाट लावणं. मी दादाला वाचून दाखवलं. “बघ, कायद्याचाच एका शब्दावर विश्वास नाही.”

“असणारच न्हाई. एकच शब्द लिहिला तर कोर्टात वकील म्हणल, आमच्या अशिलानं खणलं न्हाई, नुसतं पडलेलं उचललं. म्हणून ‘उचलणं’ लिहावं लागलं. कायद्यात शब्द वाढतात ते तुझ्यासारखे हौसेनं वाढत न्हाईत. प्रत्येक शब्दामागं एक सुटलेला चोर हाय.”

नात खुदकन हसली. वाऱ्यावर पाणी हललं. समोर विष्णुपुरीच्या जलाशयाचा फुगवटा, शासकीय नाव शंकर सागर. असर्जनजवळचा अठरा दरवाजांचा बंधारा, सुमारे ८०.७९ दशलक्ष घनमीटरचा साठा, नांदेड शहराच्या पिण्याच्या पाण्याचा आधार. इथं नदी खोल पात्रातून वाहते आणि शेतं उंचावर आहेत. त्यामुळं पाणी आपसूक कालव्यात जात नाही, पंपांनी वर चढवावं लागतं. आशियातली सर्वात मोठी अशी ही योजना आहे असं इथला प्रत्येक जण पाहुण्याला छाती फुगवून सांगतो. आणि तिचं नाव आहे, विष्णुपुरी उपसा जलसिंचन योजना.

मी त्याच शब्दावर बोट ठेवलं. “हे नाव मला फार आवडतं. इथं कुणी ‘उद्वहन’ वगैरे लिहून बसलं नाही, गावातलाच शब्द घेतला. विहिरीची मोट जे करायची, तेच हे पंप करतात. तुझ्या खात्यानं एक तरी शब्द चांगला निवडला. आणि पेपरवालेही जेव्हा भानावर असतात तेव्हा ‘वाळू उपसा’ असं लिहितात. उत्खननापेक्षा कितीतरी जिवंत.”

दादा एकदम गंभीर झाला. “इथं तू चुकायलीस. वाळूला उपसा म्हणलेलं मला अजिबात पटत न्हाई.”

“का?”

“विहीर उपसली की काय होतं?”

“झरे मोकळे होतात. परत भरते.”

“मग? उपसणं म्हणलं की परत भरणं आलंच. हे समोरचं पाणी पंपानं उपसलं तर पुढच्या पावसाळ्यात गोदामाय परत देती. पाणी उपसायचंच असतं. तोच शब्द उचलून वाळूला लावला की ऐकणाऱ्याला वाटतं, काय बिघडलं, पुराबरोबर येईल परत. कुठून येईल? वर पैठणला जायकवाडी, सिंदफणेवर माजलगाव, पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर. दार उघडलं तर पाणी येतं. वाळू जड, ती मागं फुगवट्यातच बसती. आजोबाच्या आजोबापासून साठल्याली वाळू तराफ्यावर सक्शन पंप लावून रात्रीतून ओढायची, हायवा ट्रकात भरायची, आणि म्हणायचं उपसा!”

तो पुढं बराच बोलला, आणि ते बोलणं अभियंत्याचं होतं. वाळू म्हणजे नदीचा रिकामा भाग नव्हे. दोन कणांमधल्या फटीत पाणी राहतं, गाळलं जातं, आणि काठावरच्या विहिरींना हळूहळू मिळत राहतं. वाळू गेली की पात्र खाली जातं, पात्राबरोबर विहिरीची पातळी खाली जाते. पुलाच्या पायाभोवतीची माती उघडी पडते. महसूलवाले येतात, तराफे जाळतात, पंप फोडतात, फोटो छापून येतो. आठ दिवसांनी दुसरे तराफे.

“मग काय म्हणायचं म्हणतोस?”

“उत्खनन! तोच तुझा नावडता. त्यात निदान खड्डा हाय. उपशात खड्डाच दिसत न्हाई.”

“पाण्याखाली खड्डा कुणालाच दिसत नाही दादा, शब्द कुठलाही वापर. पोहायला उतरलेली पोरं त्यातच जातात. आणि दुसऱ्या दिवशी छापून येतं, डोहात बुडून मृत्यू. डोह नदीनं केलेला असतो. याला डोह कसं म्हणायचं?”

यावर आम्हा दोघांचं भांडण नव्हतं. पण उपसणं हा शब्द असा त्याच्या हवाली करून टाकायला मी तयार नव्हते. म्हटलं, “उपसण्यात परत भरणं असतंच असं नाही. तूच मला किल्लारीच्या भूकंपाचं सांगितलं होतंस. तेव्हा कोणता शब्द वापरला होतास, आठवतं का?”

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं होती. माळवदाची घरं, जाडजूड दगडमातीच्या भिंती, छतावर मातीचा थरावर थर. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. दादाला मदतकामासाठी तिकडं पाठवलं होतं. परत आल्यावर कितीतरी महिने तो त्याविषयी एक अक्षर बोलला नाही, आणि पुढं कधीतरी बोलला ते एवढंच : ढिगारे उपसले. खोदले म्हणाला नाही. खाली माणूस आहे हे ठाऊक असताना कुणी ‘खोदत’ नाही. पहार जपून, फावडं आडवं, शेवटी हातांनी. उपसणं म्हणजे वरचा भार दूर करत करत खालच्यापर्यंत जाणं. उत्खनन त्या शब्दाची जागा घेऊच शकत नाही. कुठल्या सरकारी अहवालात घेतली असेल तर तो अहवाल लिहिणारा तिथं नव्हता.

दादा बराच वेळ गप्प बसला. मंदिरात कुणीतरी घंटा वाजवली. नातीनं गाइड मिटलं.

“आठवतंय,” तो म्हणाला. मग त्याच्या त्याच्यातच, “पण ते निराळं. तिथं मोजमाप नव्हतं.”

मोजमापावरून तो आपोआप रोजगार हमीवर गेला. त्याची पहिली नोकरी तिथली. १९७२च्या दुष्काळातून ती योजना उभी राहिली, कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. दादा नोकरीला लागला तेव्हा पाझर तलावांची, बांधांची कामं जोरात होती. बायका डोक्यावर टोपली घेऊन मातीवर माती टाकायच्या, आणि मजुरी दिवसावर नव्हे, खणलेल्या मातीच्या घनमापावर. लांबी टेपनं मोजता येते, रुंदीही. खोली कशी मोजायची? जमीन मुळात सपाट नाही. सगळी माती नेल्यावर ती आधी कुठवर होती हे कुणाला कळणार?

“म्हणून खड्ड्यात मधी मधी मातीचे खांब तसेच सोडायचे,” दादा म्हणाला. “वर मूळचं गवत असल्याले. त्याच्या माथ्यापासून तळापर्यंत मोजायचं, ती खरी खोली. माप पुस्तिकेत उतरेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा न्हाई. इंग्रजी कागदात त्याला डेडमॅन म्हणायचे. मेलेला माणूस! बायांना ते कसं सांगायचं? मी म्हणायचो, माय, तेवढा साक्षीदार राहू द्या.”

“आणि कुणी माती वरून रचून खांब उंच केला तर?”

“करायचे की. उपाशी माणूस करणारच. पण गवताची मुळं सांगून जायची. रचल्याल्या मातीत मुळं कुठून असतील?”

मी त्याच्याकडं बघत राहिले. पुरातत्त्वाच्या खोदकामातही हेच असतं. चौकोनी खड्डे घेतात आणि दोन खड्ड्यांच्या मध्ये मातीची भिंत न खोदता ठेवतात. त्या भिंतीच्या अंगावर थर दिसतात : ही राख, ही पुराची माती, ही चोपलेली जमीन, हा त्याखालचा जुना काळ. इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८पासून १९८३पर्यंत काम केलं ते असं, थर वाचत. वस्तू सापडणं त्या कामात अर्धंच. ती कोणत्या थरात होती हे कळणं उरलेलं अर्धं. नातीला उदाहरण हवं होतं, म्हणून दायमाबाद सांगितलं.

प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात हे गाव. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल या शेतकऱ्याला झाडाचं मूळ उकरताना जमिनीत चार कांस्यमूर्ती सापडल्या : बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. चारही भरीव, मिळून वजन साठ किलोंहून जास्त. इतक्या जुन्या काळच्या म्हणवल्या जाणाऱ्या अशा मूर्ती भारतात विरळाच. त्या जागी १९५८-५९मध्येच एकदा रीतसर उत्खनन होऊन गेलं होतं, मूर्ती सापडल्यावर पुन्हा कित्येक हंगाम झालं. ताम्रपाषाण काळाची अख्खी वस्ती उघडी झाली. आणि तरीही त्या चार मूर्तींचा काळ कोणता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कारण त्या उकरताना निघाल्या. कुठल्या थरातून निघाल्या याची मातीतली खूण त्याच क्षणी मोडली. त्यात त्या शेतकऱ्याचा दोष काडीचाही नाही. त्याला जळणाला मूळ हवं होतं, आणि त्यानं निदान ठेवा गिळला नाही.

“म्हंजे साक्षीदार गेला,” दादा म्हणाला.

“साक्षीदार गेला.”

“मग वाळूचं तरी दुसरं काय हाय? किती नेली हे कोण सांगणार? पात्रात खांब कुठं ठेवलाय कुणी. पाणी वरून सपाट.”

इथं मात्र आम्ही दोघं अडलो. मी तासाभरापूर्वी शब्दांची रास ओतली होती, खणणं, खंदणं, उकरणं, कोरणं, पोखरणं, उपसणं, आणि दादानं एक उत्खनन लावून धरलं होतं. यातल्या एकाही शब्दात तो मातीचा खांब नव्हता. मोजून, मागं खूण ठेवून, पुढच्याला हिशेब देता येईल असं खणणं, आणि खूणही घेऊन पळणं, या दोन्हींना मराठीत वेगळं क्रियापद नाही. इंग्रजीतही नाही, गाइडातले सहा शब्द मी पुन्हा चाळले. कोरणं त्यातल्या त्यात जवळचं. कारण कोरणाऱ्याचं लक्ष नेलेल्या दगडावर नसतं, ठेवलेल्यावर असतं. कैलास लेणं वरून खाली उतरत गेलं ते काय ठेवायचं हे आधी ठरवून. पण नदी कोरतो असं म्हटलं तर लोक हसतील.

दादा म्हणाला, “शब्द नसला म्हणून काम अडलं न्हाई. बाया खांब ठेवायच्याच.”

मी म्हटलं, “शब्द असता तर पेपरात मथळा करता आला असता. ‘अवैध’ हे विशेषण काय, कुठल्याही नामाला चिकटतं.”

“विशेषणावरच दंड होतो बाई. नाम निवांत असतं.”

हे वाक्य मी तिथल्या तिथं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मत मात्र बदललं नाही. उत्खनन मला अजूनही आवडत नाही. पण वाळूच्या बाबतीत यापुढं मी ‘उपसा’ म्हणणार नाही, एवढं दादानं माझ्याकडून काढून घेतलं. त्यानंही एक दिलं : घरी जाताना पेपरातला मथळा पुन्हा वाचून तो म्हणाला, ‘वाळू ओढली’ हे बरं, पंप ओढतो तसं, आणि ज्याची ओढली त्याला कळेल तसं.

अंधार पडला होता. नातीनं उठता उठता विचारलं, “मग परीक्षेत एक्सकॅव्हेटसमोर मी काय लिहू?”

“खोदणे,” आम्ही दोघंही एकदमच म्हणालो. तिथं एक गुण आहे आणि तो सोडायचं काही कारण नाही.

वाचकांकडं एक मागणं आहे. रोजगार हमीच्या, तलावाच्या, कालव्याच्या कामावर तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल, तर खड्ड्यात मधोमध सोडलेल्या त्या मातीच्या खांबाला ती माणसं आपसात काय म्हणत, ते विचारून ठेवा. दादाचा ‘साक्षीदार’ हा साहेबाचा शब्द. टोपली ज्यांच्या डोक्यावर होती त्या बायांचा शब्द मला हवा आहे, आणि त्या बाया आता ऐंशीच्या घरात आहेत.